तांदळातलं नाव

विश्वास,

तुला उद्देशून काही लिहायचं म्हटलं की पहिल्याच शब्दावर कोटी होते, आणि कोट्या तुला आवडायच्या नाहीत. 'विश्वास नाही' हे दोन शब्द मी पन्नाशीपर्यंत मोकळेपणाने वापरले. देव, ज्योतिष, सत्कार समारंभ, सगळ्यांना ते पुरायचे. लग्नानंतर ते जपून वापरावे लागले. आता ते अक्षरशः खरे आहेत, आणि तोंडातून निघत नाहीत.

इथे कोलकात्यात मराठी मंडळाने तुझी शोकसभा घेतली. लग्नाला आलेले लोकच त्याच खुर्च्यांवर बसले होते. फोटोही लग्नातलाच मोठा करून लावला होता, कारण त्यांच्याकडे दुसरा नव्हता. तुझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, हौसेने बांधलेल्या मुंडावळ्या कुणीतरी संगणकावर पुसल्या होत्या. एक मोती तेवढा तुझ्या कानापाशी राहून गेला होता, कशालाही न लटकता. एका वक्त्याने तुला 'अजातशत्रू' म्हटलं. गार्डन रीचच्या तुझ्या रेल्वे कचेरीतला अर्धा मजला तुझ्याशी बोलत नव्हता, हे मला ठाऊक. पण मेलेल्या माणसाला शत्रूही ठेवू देत नाहीत. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी नको म्हटलं. मला तुझ्याबद्दल बोलायचं नव्हतं, तुझ्याशी बोलायचं होतं. एकच विचारायचं होतं: ताटात तू काय लिहिलं होतंस?

रजिस्ट्रारसमोर सह्या करून आपण घरी आलो. माझ्या मते लग्न तिथे संपलं होतं. साताऱ्याहून आलेल्या तुझ्या अक्काच्या मते ते सुरूही झालं नव्हतं. तिने पिशवीतून चांदीचं ताट काढलं, त्यात तांदूळ पसरले आणि नवरीचं नाव लिहायला तुझ्या हातात अंगठी दिली.

"मी नाव बदलणार नाही," मी म्हटलं. "आडनावही नाही."

"नको गं बदलू. त्याला लिहू दे फक्त. ताट कोरं ठेवू नये." मग तिला दुसरं आठवलं. "आणि चारचौघांत तरी त्याला अहो म्हण. अरे-तुरे कानाला बरं वाटत नाही."

"त्याला नाव आहे की, अक्का. अहो हे काय नाव आहे? घसा खाकरल्यासारखं वाटतं."

तू अंगठी बोटात फिरवत हसत होतास. "मला अरे चालेल. पण मग या घरातलं अहो वाया जाणार बघ."

मग तू आम्हा दोघींना खोलीबाहेर काढलंस. लिहिलंस. ताटावर वर्तमानपत्र झाकलंस आणि बाहेर मिठाईच्या डब्यांनी टेबल भरलंय म्हणून ते स्वयंपाकघरात ओट्यावर नेऊन ठेवलंस. जेवणाआधी सगळ्यांसमोर उघडायचं ठरलं.

खालच्या मजल्यावरच्या शिखा बौदी, म्हणजे बंगालीत वहिनी, स्वयंपाकाला मदत करायला आल्या होत्या. ताटात पसरलेले, कागदाने झाकलेले तांदूळ. त्यांना वाटलं, निवडून ठेवलेत. त्यांनी ते धुतले आणि चढवले.

भाताला उकळी आल्यावर अक्काला रिकामं ताट दिसलं. "अगं बाई! हिचं नाव शिजवलं!"

बौदींना मराठी येत नाही. मी हिंदीत सांगितलं. त्यांच्या हातातला डाव तसाच वर राहिला. "नाम था? चावल में? आप लोग चावल में नाम लिखता है, ऊपर से ढक के रखता है, और किसी को बोलता भी नहीं?"

मुद्दा बिनतोड होता. मी इतकी हसले की अक्का दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आणि तो भात आपण सगळ्यांनी खाल्ला. भात छान मोकळा झाला होता.

"काय लिहिलं होतंस?" मी पानावर विचारलं.

"जेवतेयस ना? मग. पचलं की कळेल."

"रेवतीच लिहिलं असशील."

"मग विचारतेस कशाला?"

त्यानंतर मी हे तुला किती वेळा विचारलं असेल! गोडीत, रागात, तू अर्धवट झोपेत असताना, दाढी करत असताना. तू कधी 'आठवत नाही' म्हणालास, कधी 'बौदींना विचार, त्यांनी धुतलं.' बौदींनी ताटाकडे पाहिलंही नव्हतं. अक्काला तू खोलीबाहेर काढलं होतंस. ते नाव जगात फक्त तुला माहीत होतं.

त्या दिवशी अक्का रागावली होती; बौदी मात्र धास्तावल्या होत्या. हात धुताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"दीदी, ये ठीक नहीं हुआ। जो नाम किसी ने पुकारा नहीं, वो घर में घूमता रहता है। फिर कोई और पुकार लेता है।"

"कौन?"

"निशी."

आपल्याकडची भुतं वाट चुकवतात, मानगुटीवर बसतात, फार तर लिंबं-नारळ मागतात. बंगालातली निशी नुसती हाक मारते. ओळखीच्या आवाजात, तुमच्या नावाने, घर झोपलेलं असताना. मग ती रात्र असो की दुपार. माणूस ओ देतो, दार उघडतो आणि हाकेमागे चालायला लागतो. तो परत येत नाही. उपाय सोपा: निशी दोनदाच हाक मारते, तिसऱ्यांदा तिला मारता येत नाही. म्हणून पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही.

"पण मग ती मला काय म्हणणार?" मी हिंदीत म्हटलं. "तुमच्याकडे 'व' नाही. 'रेबोती' अशी हाक आली की मी ओळखेन."

"हँसिए मत, दीदी. वो दादा के आवाज़ में आएगी."

मी हे तुला गंमत म्हणून सांगितलं आणि तू ते नियम म्हणून उचललंस. तू रेल्वेचा माणूस. नियम दिसला की तुला धीर यायचा. कचेरीतून आलास की घंटी वाजवायची नाही. जिन्याच्या खालच्या वळणावर उभा राहून हाक मारायची: रेवती. थांबायचं. रेवती. थांबायचं. रेवती. तिसरीला मी "ओ" म्हणून दार उघडायचे. एकदा तू दोन हाका मारून थांबलास. मी दाराच्या आतून कान देऊन उभी. जिन्यावर काही हालचाल नाही, श्वास नाही. लाल फरशी एकदम गार लागायला लागली. मी स्वतःला सांगत होते की हा माझा नवरा आहे, त्याच्या हातात बाजाराची पिशवी आहे. पण कडीला हात जात नव्हता. मग तू खो-खो हसलास. मी दार उघडून तुला नावं ठेवली. "हेच ते," तू म्हणालास, "नाव ठेवायचा हक्क माझा आणि ठेवतेस तू."

लग्नानंतर लोक फिरायला जातात. आपण झेरॉक्सला गेलो. लग्नाचा दाखला, पासपोर्ट, बँक, गॅस, तुझ्या कचेरीतलं आरोग्यकार्ड. तुझं मत असं की ही कामं हळद ओली असताना उरकावीत. एकदा का संसार लागला की माणूस आळशी होतो. मी म्हणायचे, "दोन माणसं एकत्र राहतात हे सिद्ध करायला एवढे शिक्के? तो बँडबाजा तरी बरा, एका दिवसात गप्प होतो."

मी नाव बदललं नाही. तुझ्या हट्टापायी मधलं नाव मात्र तुझं लावलं: रेवती विश्वास कानडे. मधलं नाव म्हणजे बाप नाहीतर नवरा, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. इथे विश्वास हे आडनाव असतं. बिश्वास. प्रत्येक खिडकीवर माझं कानडे गळून पडलं आणि मी मिसेस बिश्वास झाले. ओघाने तू बिश्वासबाबू. एका म्हाताऱ्या कारकुनाने आपुलकीने तुझं गाव विचारलं. तू सातारा म्हणालास. त्याने सीमेपलीकडचं सातखीरा ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याची आजी तिथलीच होती. तू त्याला दुरुस्त केलं नाहीस. बाहेर आल्यावर म्हणालास, "जाऊ दे. आपलं काम झालं, त्याला गाव मिळालं."

मी आडनाव बदलणार नाही म्हणून तुझ्याशी भांडले आणि कोलकात्याने ते परस्पर बदलून टाकलं. पण तेही तू दिलेलं नव्हतं.

संयुक्त खातं उघडलं तेव्हा समोरच्या मुलीने पेन पुढे करत विचारलं, "आयदर ऑर सर्व्हायव्हर?" दोघांपैकी कोणीही, किंवा जो मागे उरेल तो. मंगलाष्टकांत जे कुणी म्हणत नाही ते ती पोरगी जांभई दाबत म्हणाली. मी तुझ्याकडे पाहिलं. लग्नानंतरची ही सगळी कामं कशाची तयारी आहे हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. वारस कोण, नॉमिनी कोण, कुणाच्या मागे कुणाला काय. नवरा-नवरी म्हणून आपल्याला कुठेच कुणी विचारत नव्हतं. विचारत होते ते एकाने दुसऱ्याच्या मागे उरण्याबद्दल.

"मराठीत असतं तर 'उरेल ती' असं लिहावं लागलं असतं," तू सही करत म्हणालास.

"ती का? तो का नाही?"

"उगाच. मला उरलेलं आवडत नाही. पानातसुद्धा."

तुझ्या कचेरीला दोघांचा एकत्र फोटो हवा होता. आपण गल्लीतल्या स्टुडिओत गेलो. फोटोवाला "और थोड़ा पास, दादा" म्हणत राहिला, तू मला कोपर मारलंस आणि माझे डोळे मिटले. तू मात्र लख्ख डोळ्यांनी समोर बघतोयस. "दुसरा काढू," मी म्हटलं. तू म्हणालास, "असू दे. कोण बघतंय?"

मग एका दुपारी तू कचेरीतून निघालास आणि घरी आला नाहीस. मी फोन करत राहिले. तू उचलत नव्हतास. शेवटी तुझ्या एका सहकाऱ्याने उचलला. बंगाली गृहस्थ, मी त्यांना कधी भेटले नव्हते. ते पहिल्यांदा एवढंच म्हणाले, "अहो मैडम?"

काय वाईट ऐकायचंय हे कळायच्या आत मनात येऊन गेलं की हा माणूस किती छान मराठी बोलतो. आपल्या लोकांत वावरून उचललेलं दिसतंय. मेंदू अशा वेळी कुठे पळतो बघ. पुढचं त्यांनी हिंदीत सांगितलं.

तुझ्यामागची कामं आणि लग्नानंतरची कामं एकच आहेत, विश्वास. त्याच खिडक्या, तोच झेरॉक्सवाला. तो मला बघून हसला आणि म्हणाला, "आर बाकी आछे?" अजून राहिलंय? मी तुझ्या मृत्यूचा दाखला पुढे केला. त्याने कागद काचेवर पालथा ठेवला, आणि यंत्राचा हिरवा उजेड तुझ्या नावाखालून सरकत गेला. तुझ्या कचेरीत एका कारकुनाने आपला एकत्र फोटो हातात घेतला. माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. मिटलेल्या डोळ्यांची बाई, उघड्या डोळ्यांचा पुरुष. गोंधळून म्हणाला, "इसमें... एक्सपायर कौन हुआ?" मी बोट ठेवलं. खरं सांगते, ठेवताना क्षणभर माझाही निर्णय होत नव्हता.

आणि हाका. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दुपारी रस्ता झोपतो. खिडकीच्या लाकडी खडखडीच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या भिंतीवर पडलेल्या असतात, खाली बौदींचा नळ ठिबकतो. जिन्याच्या खालच्या वळणावरून हाक येते. रेवती. मग तू जेवढा थांबायचास तेवढं थांबून, रेवती. स्वच्छ 'व'. त्यानंतर काही नाही. मला कारणं देता येतात: पारवे, फेरीवाला, सवयीचा कान. सुशिक्षित माणसाकडे कारणांचा तोटा नसतो. पण मी उठून दारापाशी जाते, आतून उभी राहते आणि तिसऱ्या हाकेची वाट बघते. ओ देत नाही. भुताला भिते म्हणून नाही. नियम तुझा आहे म्हणून. तिसरी कधी येत नाही.

अक्का जाताना बजावून गेली होती, फोटोपुढे रोज पाण्याचा पेला ठेव. माझं असल्या गोष्टींवर काय मत आहे ते तुला ठाऊक. तरी ठेवायचे. शेजारी तुझा फोन, चार्जरला लावलेला. बँका अजूनही तुझ्याच नंबरावर ओटीपीचे आकडे पाठवतात. ते आकडे कुलूपबंद पडद्यावर दिसायचे, त्यापुढे मला जाता येत नव्हतं. तुझा पासवर्ड तू कुणाला सांगितला नाहीस. नॉमिनी सगळ्याला केलंस, त्याला नाही. आणि त्या दुपारनंतर तुझा नंबर मी कधी लावला नव्हता. मेलेल्या माणसाला फोन लावणारी बाई मला होऊन बघायची नव्हती.

परवा तुझ्या कचेरीतून लवकर घरी आले. सियालदह स्टेशनवर गर्दी इतकी की डोकं भणभणत होतं. येऊन बघते तर फोटोपुढे पेला नाही, फोनही नाही. चार्जरची वायर नुसती लोंबत होती. बौदींकडे आपली किल्ली असते. त्यांना विचारावं म्हणून खाली हाक मारली, पण उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं होतं, फोन हवा होता. खोली शोधली, उशा उचलल्या. मग जे कुणीही करेल ते मी केलं. माझ्या फोनवरून तुझा नंबर लावला.

घंटी ऐकू आली नाही. स्वयंपाकघरातून एक आवाज आला.

बाईचा आवाज होता, पण बाईचा नव्हता. दबलेला, जमिनीखालून यावा तसा. शब्द कळेना. मी दारात उभी राहिले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. आवाज तांदळाच्या डब्यातून येत होता.

झाकण काढलं. तांदूळ हलकेच थरथरत होते, मधोमध एक खळगा पडत होता, आणि त्या खळग्यातून ती यंत्रातली बाई सपाट इंग्रजीत म्हणाली: "कॉल फ्रॉम आहो."



कुणाचा फोन आहे ते तुझा फोन मोठ्याने सांगायचा, हे मला माहीतच नव्हतं. घरात असताना मी तुला फोन कशाला करणार? रिक्षात खिशातून चष्मा काढायचा कंटाळा, म्हणून लावून घेतलं असशील. गार्डन रीचच्या खचाखच भरलेल्या रिक्षांत, अनोळखी लोकांच्या मांड्यांना मांड्या लावून बसलेला असताना, माझा फोन आला की ही बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची: अहो बोलावतायत. आणि तू शांतपणे उचलून म्हणायचास, "बोल गं." तो बंगाली गृहस्थ मराठी बोलला नव्हता, विश्वास. त्याने पडद्यावरचं नाव वाचलं होतं. माझं नाव. ते मला सांगणारा पहिला माणूस तो होता, आणि मी त्याच्या मराठीचं कौतुक करत होते.

वाया जाऊ दिलं नाहीस तू. घरातलं एकुलतं एक अहो मला देऊन टाकलंस.

"कॉल फ्रॉम आहो," तांदूळ पुन्हा म्हणाले.

मी तिसरीची वाट पाहिली. अंगवळणी पडलंय. तांदूळ थरथरायचे थांबले. माझ्या फोनमध्ये घंटी तुटली. दुपार होती, रस्ता झोपलेला होता, उजेडाच्या पट्ट्या भिंतीवर होत्या. तिसरी आली नाही.

मी डब्यात तोंड घालून म्हणाले, "ओ."

मागे काहीतरी वाजलं. दारात बौदी उभ्या होत्या, हातातली किल्ली खाली पडली होती. "दीदी, गिलास उलट गया था। हम आया तो पूरा पानी दादा के फ़ोन पर। हम चावल में रख दिया, सूखने के लिए। सब लोग रखता है।" मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "आप जवाब दिया?"

"दिया."

"कितने पर?"

"दो पर."

त्यांनी किल्ली उचलली. पेला कुणी उलटा केला ते मी विचारलं नाही. खिडकी बंद होती, हे त्यांनीही सांगितलं नाही.

"अब?" त्या म्हणाल्या.

"अब देखेंगे," मी म्हटलं, "कौन किसको ले जाता है."

फोन त्यानंतर सुरू झाला नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवला; आत एक तांदूळ अडकला होता. तो मी मागून घेतला. बाकीचे रात्री धुतले, चढवले आणि जेवले. या वेळी मला माहीत होतं मी काय खातेय. तू म्हणाला होतास ना, पचलं की कळेल.

आज दुपारी हे लिहीत बसलेय. खाली बौदींचा नळ ठिबकतोय. जिन्याच्या खालच्या वळणावरून आत्ता एक हाक आली, आणि ती 'रेवती' नव्हती. दाराची कडी मी सकाळीच काढून ठेवली आहे. पायपुसण्यावर पाय पूस आणि ये.